तीन गावे, एक दिवस आणि एक चूक

"सहलीची बस म्हणजे गावाला नुसते शिवून येणे," असे आमच्या दादाचे जुने मत आहे. काशीला जायचे, गंगेला बोट लावायचे आणि पुढच्या गाडीने परत फिरायचे, तसलाच हा प्रकार, असे तो म्हणतो. त्यामुळे लंडनला राहणाऱ्या त्याच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, आम्हा दोघांची एका दिवसाच्या सहलीची तिकिटे आणली, तेव्हा त्याने वर्तमानपत्रातून डोकेसुद्धा वर काढले नाही. सकाळी आठला निघायचे, वॉरिकचा किल्ला, शेक्सपिअरचे स्ट्रॅटफर्ड आणि शेवटी ऑक्सफर्ड एवढे सगळे पाहायचे आणि रात्रीच्या जेवणाला घरी परतायचे, असा बेत होता.

"म्हणजे चारशे वर्षांना दीड तास?" दादाने विचारले.

"बाबा, तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत," भाची म्हणाली.

हे वाक्य मराठी माणसाला कोणत्याही तत्त्वज्ञानापेक्षा लवकर पटते. दादाने वर्तमानपत्राची घडी घातली.

दादा आता ब्याऐंशी वर्षांचा आहे. साताऱ्याकडच्या एका शाळेत त्याने पस्तीस वर्षे इंग्रजी शिकवले. नववीच्या वर्गाला शेक्सपिअरचे चरित्र तो असे काही रंगवून सांगे, की पोरांना वाटावे, सर सुटीत तिकडेच जाऊन येत असावेत. प्रत्यक्षात महाबळेश्वरच्या पलीकडची थंडी त्याने या प्रवासात प्रथमच अनुभवली. त्याचे दोन्ही गुडघे कुरकुरतात, हातात काठी असते आणि चुकीच्या उच्चारावर आजही त्याची भुवई वर जाते. मी त्याची धाकटी बहीण. माझी भूमिका नेहमीचीच, म्हणजे पिशवी धरण्याची.

निळ्या बिल्ल्याची बाई

व्हिक्टोरियाच्या मोटारस्थानकावर आठाला पाच मिनिटे कमी असताना आम्ही पोहोचलो. बसमध्ये ऑस्ट्रेलियातले एक वृद्ध जोडपे होते, ब्राझीलची चार तरुण मंडळी होती, एक जपानी कुटुंब होते आणि मागच्या बाकावर बंगळूरचे नवविवाहित दांपत्य होते. आम्ही पिशवीतून दशम्यांचा डबा काढताच त्या दांपत्याने आमच्याकडे पाहून ओळखीचे हसू हसून घेतले.

आमची वाटाडी साधारण पंचावन्नची बाई होती. हातात लाल छत्री आणि कोटावर निळा बिल्ला. हा बिल्ला मिळवायला इकडे दीर्घ अभ्यास करून परीक्षा द्याव्या लागतात, असे भाचीने आधीच सांगून ठेवले होते. बाईने ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि पहिलाच नियम सांगितला, "ठरलेल्या वेळेला बस निघेल. कोणासाठीही थांबणार नाही. चुकलात तर आगगाडीने या, आणि तिकीट आपापल्या पैशांनी काढा." हे सगळे इतक्या गोड आवाजात, की ऐकणाऱ्याला आपले स्वागतच होते आहे असे वाटावे. आपल्या एस. टी.चा कंडक्टर दोन वेळा घंटी मारतो, पण धावत येणारा म्हातारा दिसला तर एकदा मारून थांबवतोही. इथे तशी आशा नव्हती.

लंडन मागे पडले. चिल्टर्नच्या टेकड्या लागल्या आणि रस्त्यावर मोठे लालसर पक्षी घिरट्या घालताना दिसू लागले. त्यांची शेपटी दुभंगलेली होती. "या लाल घारी," बाई सांगू लागली. "आमच्या लोकांनी मारून मारून इंग्लंडमधून त्या पार संपवल्या. चूक कळायला शंभर वर्षे गेली. मग १९८९ पासून पुढची काही वर्षे स्पेनमधून पिल्ले आणून इथे सोडली. आता तुम्हाला त्या मोजता येणार नाहीत."

मला मौज वाटली. पाहुण्यांना गाव दाखवायला निघालेली ही बाई, आणि बोहनी केली ती आपल्या लोकांच्या चुकीने! तेव्हा माझ्या लक्षात आले नाही, पण दिवसभराचा सूर तिथेच लागला होता.

वाचलेला किल्ला आणि उडवलेला किल्ला

वॉरिकचा किल्ला प्रथम दिसतो तेव्हा खरा वाटत नाही. मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकातून कापून काढून एव्हन नदीच्या काठी चिकटवल्यासारखा तो अखंड उभा आहे. नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले १०६६ साली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १०६८ मध्ये, त्याने इथे मातीचा उंचवटा रचून वर लाकडी गढी बांधली. दगडी तट आणि आजचे उंच बुरूज मागाहून आले. गुलाबांच्या युद्धात राजे बसवणारा आणि उतरवणारा म्हणून जो प्रसिद्ध झाला, तो रिचर्ड नेव्हिल याच किल्ल्याचा धनी. १४६९ मध्ये त्याने खुद्द राजा चौथ्या एडवर्डला इथे कैदेत ठेवले होते.

तटावरून फिरायचे तर पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत. दादाने त्यांच्याकडे एकदा पाहिले, आपल्या गुडघ्यांकडे एकदा पाहिले आणि हिरवळीवरच्या बाकावर बैठक मारली. मी मात्र वर गेले. एका बुरुजाचे नाव गाय. उंची १२८ फूट. हे नाव गोमातेवरून पडलेले नाही, गाय नावाच्या दंतकथेतल्या वीरावरून पडले आहे. आणि या वीराचा पराक्रम कोणता म्हणाल, तर त्याने एका राक्षसी गाईला ठार मारले! खाली येऊन मी हे दादाला सांगितले, तेव्हा तो इतका हसला की शेजारून चाललेला मोर दचकून दूर सरकला. किल्ल्याच्या बागेत मोर मोकळे फिरतात. आपल्या दशम्यांत त्यांना बराच रस होता.

अंगणात मुलांची झुंबड होती. लाकडी तलवारी, चिलखत घातलेले नट, मोठी दगडफेकी यंत्रे. दादाने नाक मुरडले, "ही तर जत्रा झाली." त्यावर बाईने शांतपणे हिशेब मांडला. शेकडो वर्षे हा किल्ला सरदार घराण्याकडे होता. १९७८ मध्ये त्या घराण्याने तो मेणाचे पुतळे दाखवणाऱ्या तुसाँ मंडळींना विकला. आता तो मनोरंजनाचा धंदा करणाऱ्या कंपनीकडे आहे. "छपराची गळती इतिहासाने थांबत नाही," ती म्हणाली, "तिला कौले लागतात, आणि कौले या जत्रेतून येतात." दादाला हे आवडले नाही, पण खोडताही आले नाही.

निघता निघता मी तिला विचारले, "हा किल्ला इतका धडधाकट राहिला कसा?"

"नशीब, आणि जिंकणाऱ्याची बाजू," ती म्हणाली. १६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा वॉरिकचा धनी पार्लमेंटच्या बाजूला होता. राजाच्या लोकांनी वेढा घातला, पण किल्ला पडला नाही, आणि पुढे पार्लमेंट जिंकले. इथून आठेक किलोमीटरांवर केनिलवर्थचा किल्ला आहे. राणी एलिझाबेथने १५७५ मध्ये तिथे एकोणीस दिवस पाहुणचार घेतला होता. असा हा देखणा किल्ला पुन्हा कोणा बंडखोराच्या उपयोगी पडू नये, म्हणून पार्लमेंटच्याच लोकांनी १६४९ मध्ये त्याची मुख्य भिंत उडवून दिली आणि भोवतीचा तलाव फोडून रिकामा केला. इंग्रजांनी आपले कितीतरी किल्ले असे आपल्याच हातांनी निकामी केले.

मी दादाकडे पाहिले, दादाने माझ्याकडे पाहिले. दोघांच्या मनात एकच नाव आले होते. मी बाईला सांगितले, की हाच उद्योग तुमच्या लोकांनी आमच्याकडेही केला. १८१८ च्या मे महिन्यात रायगडावर तोफांचा भडिमार झाला आणि वरचे वाडे जळून खाक झाले. नाशिककडच्या कित्येक गडांच्या कड्यात कोरलेल्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, कारण तेच, पुन्हा कोणी वर चढून बसू नये. आज तिथे पावसाळी गवताला धरून चढावे लागते.

बाई क्षणभर गप्प राहिली. "हे मला कोणी शिकवलेले नाही," ती म्हणाली. मग तिने एक छोटी वही काढून रायगडाचे नाव मला लिहायला लावले. मी देवनागरीत लिहिले आणि खाली रोमन अक्षरांतही लिहून दिले. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले आणि रायगड त्यात आहे, हेही सांगितले. बसमध्ये परतताना दादा म्हणाला, "बाई चांगली आहे. घरातली चूक सांगणं सोपं असतं गं. दुसऱ्याच्या घरात केलेली चूक ऐकून घेणं अवघड."

हे बोलला तेव्हा त्याला कल्पना नव्हती, की पुढची वीस मिनिटे त्याच्यावरच बेतणार आहेत.

दोनदा पाडलेले घर

वॉरिकहून स्ट्रॅटफर्ड फक्त तेरा किलोमीटर. तीच एव्हन नदी इथेही आहे. एव्हन या जुन्या शब्दाचा अर्थच मुळी नदी, तेव्हा एव्हन नदी म्हणजे नदी नदी! दादा ही गोष्ट मला सांगत असतानाच बाईचा आवाज आला.

"स्ट्रॅटफर्डमध्ये शेक्सपिअर जन्मला ते घर तुम्ही पाहाल. १८४७ मध्ये त्याचा लिलाव झाला. कोणी ते अमेरिकेला उचलून नेणार, अशी बोलवा उठली होती. तेव्हा वर्गणी जमवून तीन हजार पौंडांना ते विकत घेतले गेले. पण तो ज्या घरात मरण पावला, ते घर मात्र आम्ही तुम्हाला दाखवू शकत नाही. ते आम्ही पाडले, आणि तेही दोनदा."

दादाचा हात काठीवर आवळला गेला.

बाई सांगत होती. लंडनमध्ये नाटकांवर पैसा मिळवून शेक्सपिअरने १५९७ मध्ये गावातले एक मोठे घर घेतले. त्याचे नाव न्यू प्लेस. १६१६ मध्ये तो गेला. १७०२ च्या सुमारास नंतरच्या मालकांनी ते घर जवळजवळ नव्याने बांधून काढले. पुढे ते फ्रान्सिस गॅस्ट्रेल नावाच्या एका पाद्र्याकडे आले. अंगणात तुतीचे झाड होते आणि ते शेक्सपिअरने लावले, असे लोक म्हणत. ते पाहायला वाटसरू सारखे दार ठोठावत. पाद्रीबुवांनी वैतागून झाड तोडून टाकले. गावकऱ्यांनी चिडून त्यांच्या खिडक्यांच्या काचा फोडल्या. मग कराच्या रकमेवरून गावाशी भांडण जुंपले आणि १७५९ मध्ये पाद्रीबुवांनी अख्खे घरच जमीनदोस्त केले. गाव शिव्याशाप देत राहिले आणि ते निघून गेले. त्या तुतीच्या लाकडाच्या डब्या आणि पेले पुढे कितीतरी वर्षे विकले जात होते, इतके, की एका झाडातून ते सगळे निघणे शक्यच नव्हते, असे म्हणतात.

बस हसली. दादा हसला नाही.

"काय रे?" मी विचारले.

"मी वर्गात सांगायचो," तो हळू आवाजात म्हणाला, "की शेक्सपिअरनं जिथं प्राण सोडला, ते घर आजही जसंच्या तसं उभं आहे. पस्तीस वर्षं सांगितलं."

"असू दे रे. पोरांना कुठं आठवतंय?"

"एकाला आठवत असेल." तो खिडकीबाहेर पाहू लागला. मग एकेक वाक्य बाहेर आले. १९७९ साल. नववीचा वर्ग. एक किडकिडीत मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, ते घर पाडलंय. मी पुस्तकात वाचलं." वर्ग खुदकन हसला. दादाला ते हसू झोंबले. त्याने मुलाला बाकावर उभे केले. तो तास आणि पुढचाही. घंटा झाल्यावरच तो उतरला. "मारलं नाही मी त्याला," दादा म्हणाला. "पण त्यानंतर वर्षभर त्या पोरानं हात वर केला नाही. हुशार होता. मला ते दिसत होतं. मी म्हटलं, बरं झालं, उद्धटपणा गेला."

इतक्या वर्षांत त्याने हे मला कधी सांगितले नव्हते. वहिनीला सांगितले असेल, तर ती गोष्ट तिच्याबरोबर गेली.

बस नदीकाठच्या बागेजवळ थांबली. वेळ मिळाला दीड तास. सगळी मंडळी लाल छत्रीमागून जन्मघराकडे निघाली. दादा थांबला. "मला ते नसलेलं घर बघायचंय," तो म्हणाला.

जन्मघर आम्ही बाहेरूनच पाहिले. काळ्या लाकडी चौकटींचे, बसकेसे, आपल्या कोकणातल्या घरासारखे मान खाली घालून उभे असलेले. तिथून चॅपल स्ट्रीट जवळ आहे, पण दादाच्या गुडघ्यांच्या हिशेबाने ती चांगलीच मजल झाली. न्यू प्लेसच्या जागी आता बाग आहे. शेक्सपिअरच्या मृत्यूला चारशे वर्षे झाली त्या २०१६ मध्ये ती नव्याने मांडून खुली केली. घर कुठे होते ते पायाखाली समजते, वर मात्र नुसते आकाश. फुले, बाके, आणि शांतता.

दादा तिथे बराच वेळ उभा होता. बसायला सांगितले तरी बसला नाही. शेवटी मी म्हटले, "दादा, पाय दुखतील." तो म्हणाला, "दोन तास उभा होता तो." मी पुन्हा बोलले नाही.

घड्याळात चाळीस मिनिटे उरली होती. चर्च नदीच्या काठाने पुढे होते. शहाणपणाने परत फिरायला हवे होते, पण दादा काठी टेकत पुढे निघालासुद्धा. होली ट्रिनिटी चर्चच्या नोंदवहीत २६ एप्रिल १५६४ रोजी शेक्सपिअरचा बाप्तिस्मा आणि २५ एप्रिल १६१६ रोजी त्याचे दफन, अशा दोन्ही नोंदी आहेत. साऱ्या जगभर पसरलेला माणूस, पण सुरुवात आणि शेवट एकाच वहीत. वेदीसमोरच्या त्याच्या थडग्यावर चार ओळी कोरल्या आहेत. माझी हाडे हलवेल त्याला शाप लागो, असा त्यांचा मतलब. त्या शापामुळे थडगे जागचे हलले नाही. घराच्या दगडांवर मात्र शाप कोरायचा राहून गेला.

तिथे देखरेखीला बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी आम्ही कुठले म्हणून विचारले. दादातला मास्तर जागा झाला. आगरकरांनी १८८३ मध्ये हॅम्लेटचे 'विकारविलसित' केले, देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंजारराव' केला, आणि लिअर राजाची व्यथा मनात घोळवून शिरवाडकरांनी १९७० मध्ये 'नटसम्राट' रंगभूमीवर आणले, हे त्याने अस्खलित इंग्रजीत सांगितले. ते गृहस्थ खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि त्यांनी दादाचा हात हातात घेतला. मी घड्याळ दाखवले. अकरा मिनिटे!

तो परतीचा रस्ता मी जन्मात विसरणार नाही. दादाला धावता येत नव्हते आणि त्याला सोडून मला धावता येत नव्हते. नदीत हंस तरंगत होते, मुले आइस्क्रीम खात होती आणि आम्ही दोघे घामाघूम होऊन आगगाडीच्या तिकिटाचा मनातल्या मनात पौंडांतून रुपयांत गुणाकार करीत होतो. बस दिसली तेव्हा इंजिन सुरू झालेले होते. दारात बाई उभी, लाल छत्री उघडलेली. पाऊस नव्हता. आम्हाला दुरून दिसावी म्हणून तिने ती उघडून धरली होती.

"अजून एक मिनिट आहे," ती म्हणाली, आणि चालकाकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. माझ्या घड्याळात दोन मिनिटे वर झाली होती.

ऑक्सफर्डची परतफेड

ऑक्सफर्डला पोहोचायला तासाहून अधिक लागला. दादा सबंध वाटेत बोलला नाही. बंगळूरच्या जोडप्याने त्याला पेपरमिंट दिले, ते त्याने मुलासारखे निमूट तोंडात टाकले.

ऑक्सफर्डमध्ये वेळ आणखीच थोडा. ब्रॉड स्ट्रीटवर फरशीत बसवलेला एक क्रूस बाईने छत्रीच्या टोकाने दाखवला. धर्ममताच्या वादापायी १५५५ आणि १५५६ मध्ये तीन धर्मगुरूंना इथे जिवंत जाळले. रस्त्यात खूण ठेवली आहे. मग ती आम्हाला बोडली ग्रंथालयापाशी घेऊन गेली. पिवळसर दगडाच्या त्या भिंतींवर उन्ह आले होते.

"शेक्सपिअर गेल्यावर सात वर्षांनी, १६२३ मध्ये, त्याची ३६ नाटके एकत्र छापली गेली," ती सांगू लागली. "त्या पुस्तकाची एक प्रत या ग्रंथालयात आली. पुढे १६६४ च्या सुमारास तिसरी आवृत्ती निघाली. आता जुनीचे काय काम, म्हणून ग्रंथालयाने ती विकून टाकली." बसमधल्या मंडळींनी 'अरेरे' केले. "१९०५ मध्ये इथलाच एक विद्यार्थी आपल्या घरचे एक जुने पुस्तक दाखवायला घेऊन आला. बांधणी पाहून ग्रंथपालांनी ओळखले, की आपण काढून टाकलेली प्रत ती हीच! परत मिळवायला लोकांकडून वर्गणी काढावी लागली. १९०६ मध्ये तीन हजार पौंड मोजून ऑक्सफर्डने आपलेच पुस्तक परत विकत घेतले."

जन्मघराला तीन हजार, पुस्तकालाही तीन हजार. चुकीचा दर इकडे ठरलेला असावा, असे मी दादाला गमतीने म्हटले. त्याने फक्त मान हलवली.

बस सेंट जाइल्स या रुंद रस्त्यावर उभी होती. सुटायला अर्धा तास होता. माझी एक इच्छा राहिली होती, ती दादाला सांगितली. तो रस्ता जिथे संपतो, तिथून जवळच समरव्हिल कॉलेज आहे. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये तिथे आली. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणारी ती पहिली स्त्री. १८९२ मध्ये तिने परीक्षा दिली. पण स्त्रियांना पदवी द्यायची नाही, असा विद्यापीठाचा नियम होता. परीक्षा द्या, पदवी मात्र मागू नका! १९२० मध्ये तो नियम बदलला आणि १९२२ मध्ये कॉर्नेलियाबाईंनी येऊन आपली पदवी घेतली. तेव्हा त्या पंचावन्न वर्षांच्या होत्या.

आम्ही दोघे त्या कॉलेजच्या दाराशी पाच मिनिटे उभे राहिलो. आत मुली सायकली लावत होत्या, पुस्तके छातीशी धरून लगबगीने जात होत्या. नाशिकच्या त्या मुलीला या दारातून आत जाताना काय वाटले असेल, याचा मी विचार करीत होते. दादा बोटांवर काहीतरी मोजत होता.

"तीस वर्षं लागली," तो म्हणाला. "एवढ्या मोठ्या विद्यापीठाला तीस वर्षं लागली. पण दिली शेवटी."

परत येताना रस्त्याच्या कडेच्या बाकावर तो बसला आणि त्याने खिशातून फोन काढला. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटात दादा आहे. तो मुलगाही आहे. मुलगा म्हणजे आता साठीचा गृहस्थ, नोकरीतून निवृत्त झालेला. दर गुरुपौर्णिमेला न चुकता त्याचा नमस्कार येतो. दादाही दर वेळी आशीर्वाद पाठवतो. पण त्या नमस्काराने आपल्याला कसे होते, हे त्याने कोणाला सांगितले नव्हते.

"अरे, तिकडे रात्रीचे दहा वाजले असतील," मी म्हटले.

"वाजू देत. उद्यावर टाकलं तर पुन्हा गुरुपौर्णिमा येईल."

फोन लागला. दादा कमी ऐकतो, म्हणून तो आवाज मोठा ठेवतो. मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. आधी प्रकृतीची चौकशी झाली, लंडनच्या थंडीची झाली. मग दादा ताठ बसला, वर्गात बसायचा तसा.

"मी आज स्ट्रॅटफर्डला जाऊन आलो," तो म्हणाला. "ते घर पाडलेलंच आहे. १७५९ साली. तुझं बरोबर होतं. माझं चुकलं होतं. तुला मी उगाच उभं केलं."

पलीकडे शांतता. फोन तुटला की काय, असे मला वाटले. मग हसण्याचा आवाज आला, आणि त्या हसण्यात थोडे काहीतरी ओले होते.

"सर, ते पुस्तक त्या दिवशी माझ्या दप्तरातच होतं. मामांकडून आणलं होतं."

"मग काढून दाखवायचं नाहीस होय रे?"

"दाखवलं असतं, तर तिसराही तास उभं राहावं लागलं असतं, सर!"

दादा हसू लागला. हसता हसता त्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. रस्त्याच्या त्या टोकाला बाई लाल छत्री उंचावून उभी होती. एकेक उतारू बसमध्ये चढत होता. मी दादाच्या कोपराला धरले. तो उठला, फोन कानाशी तसाच, आणि भर रस्त्यात, साताऱ्याच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणाऱ्या त्या जुन्या खणखणीत आवाजात म्हणाला,

"बस रे बाळा. आता खाली बस."